गोळीच्या आधी डबी

मराठीत या दुखण्याचं नावच उन्हावरून पडलं आहे. ‘उन्हाळी लागली’ म्हटलं की घरातल्या बाईला पुढचं काही सांगावं लागत नाही. बसलं की आग, दोन थेंब आणि कळ, हात धुऊन बाहेर येईपर्यंत पुन्हा लागल्यासारखं वाटणं. मग चमचाभर धने आणि अर्धा चमचा जिरे पेलाभर पाण्यात भिजत पडतात, सब्जा येतो, माठात वाळा पडतो. नाव नेमकं आहे, अर्धं खरंही आहे. वैशाखात दिवसभर घाम गाळला आणि पाणी पोटात गेलं नाही, तर लघवी गडद आणि घट्ट होते आणि एकही जंतू नसताना झोंबते. अशा उन्हाळीला दोन तांबे पाणी पुरतं. संध्याकाळपर्यंत आग निवते आणि श्रेय धन्या-जिऱ्याला मिळतं. मिळू दे, त्यानं कुणाचं नुकसान होत नाही.

नुकसान होतं ते या एकाच शब्दाखाली तीन-चार वेगळी दुखणी झाकली गेल्यामुळे. मूत्राशयात जंतू वाढले तरी उन्हाळी. योनीमार्गात बुरशी झाली, खाज सुटली, दह्यासारखा पांढरा स्राव आला आणि लघवी त्या सोललेल्या कातडीवरून जाताना चरचरली, तरी उन्हाळीच. मुतखडा खाली सरकत असला, कंबरेतून जांघेकडे कळ उतरत असली, तरी सुरुवातीला नाव तेच. औषधं मात्र तिन्हींची निराळी. बुरशीला अँटिबायोटिक दिलं तर बुरशी वाढते, कारण तिला आवर घालणारे योनीतले चांगले जंतू त्या गोळीनं मरतात.

म्हणून पहिला प्रश्न साधाच विचारायचा: आत जळतं की बाहेर? आत जळतंय, वारंवार लागतंय, आणि खाज किंवा पांढरं जाणं अजिबात नाही, असं बाई सांगत असेल तर दहातल्या नऊ वेळा तो मूत्राशयाचा संसर्ग निघतो. तरुण, एरवी धडधाकट, गरोदर नसलेल्या बाईला हे पहिल्यांदाच झालं असेल, तर एवढ्या बोलण्यावरून डॉक्टरांनी उपचार सुरू करणं चूक नाही. बाकी सगळ्यांनी आधी तपासणीसाठी लघवीची डबी भरायची आणि मग गोळी घ्यायची. बाकी सगळे म्हणजे गरोदर बायका, मधुमेही, पुरुष, लहान मुलं, ताप असलेले, खडा किंवा कॅथेटर (लघवीची नळी) असलेले, आणि ज्यांचं दुखणं महिन्या-दोन महिन्यांत परत आलंय ते. हा क्रम उलटला की पुढचा सगळा हिशेब चुकतो. गोळीचा पहिला डोस पोटात गेला की लघवीतले जंतू अर्धमेले होतात, लॅबच्या प्लेटवर वाढत नाहीत आणि रिपोर्टवर ‘नो ग्रोथ’ येतं. जंतू कोणता होता आणि कोणत्या औषधाला मरतो, हे कळण्याची संधी त्या एका गोळीत जाते.

डबी भरण्याबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण लॅबच्या खिडकीतून ती हातात ठेवताना ‘मधली धार घ्या’ इतकंच सांगितलं जातं आणि तेही घाईत.

डबी लॅबचीच घ्यायची, निर्जंतुक, रुंद तोंडाची. औषधाची धुतलेली बाटली किंवा जॅमची बरणी चालत नाही. आत राहिलेला साखरेचा कण जंतूंना खाऊ होतो, साबणाचा अंश त्यांना मारतो, आणि दोन्हींनी रिपोर्ट खोटा ठरतो. नमुन्यापूर्वी लिटरभर पाणी ढोसू नये. पातळ लघवीत जंतूंची संख्या कमी दिसते. सकाळची पहिली लघवी उत्तम, कारण ती रात्रभर आत राहिलेली असते. ते जमत नसेल तर निदान तीन-चार तास साठलेली असावी. आधी हात साबणानं धुवावेत. मग जागा साध्या पाण्यानं पुढून मागे धुवावी, डेटॉल लावू नये. डबीचं झाकण काढून उताणं ठेवायचं, आतल्या बाजूला बोट लागू द्यायचं नाही. एका हाताच्या दोन बोटांनी योनीओष्ठ बाजूला धरायचे आणि काम होईपर्यंत सोडायचे नाहीत; नमुने बिघडतात ते बहुतेक इथेच. पहिली धार खाली जाऊ द्यायची, कारण मूत्रमार्गाच्या तोंडाशी नेहमीच बसलेले जंतू तिच्यासोबत वाहून जातात. धार न थांबवता डबी मध्ये आणायची, तीसेक मिलिलीटर भरली की बाजूला करायची आणि उरलेली लघवी खाली. भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवं बसून हे दोन हातांत जमवणं वयस्कर बाईला कठीण जातं. अशा वेळी घरातल्या कुणी डबी धरली तर त्यात लाजण्यासारखं काही नाही.

भरलेली डबी खिडकीत ठेवून स्वयंपाकाला लागायचं नाही. लघवी हे जंतूंना आवडणारं पातळ अन्न आहे. ई. कोलाय हा आतड्यातला जंतू सोयीच्या उबेत वीस मिनिटांत दुप्पट होतो. सकाळी सातला भरलेली डबी मे महिन्यात अकरा वाजता लॅबमध्ये पोचली, तर चार चुकार जंतूंचे हजारो झालेले असतात आणि नसलेला संसर्ग कागदावर दिसतो. तासाभरात, फार तर दोन तासांत पोचवावी. उशीर होणार असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावी. चार अंशांच्या गारव्यात जंतू दिवसभर थबकून राहतात. फ्रीझरमध्ये ठेवू नये.

पुढे लॅबमध्ये जे घडतं त्याला कल्चर म्हणतात, आणि ते फार देखणं असतं. तंत्रज्ञ एका बारीक तारेच्या कडीनं डबीतून १ मायक्रोलीटर, म्हणजे मिलिलीटरचा हजारावा भाग उचलते आणि प्लेटवर एक उभी रेघ ओढून तिच्यावर आडव्या रेघा फिरवते. मॅकाँकी नावाच्या माध्यमावर ३७ अंशांत रात्र गेली की सकाळी ई. कोलायचे कोरडे, गुलाबी ठिपके उगवलेले असतात. एक ठिपका म्हणजे मूळचा एक जंतू, म्हणून ठिपके मोजायचे आणि हजारानं गुणायचे. शंभर ठिपके म्हणजे मिलिलीटरला एक लाख. रिपोर्टवरचा एक लाखाचा आकडा अमेरिकन संशोधक एडवर्ड कास यांच्या १९५० च्या दशकातल्या कामातून आला. तो दगडावरची रेघ नाही. लक्षणं ठसठशीत असलेल्या बाईत हजारभर ई. कोलायही खरे मानले जातात. उलट तीन-चार जातींचे ठिपके एकत्र उगवले तर बहुधा नमुना भरताना चूक झालेली असते. अशा रिपोर्टवर औषध सुरू करण्यापेक्षा डबी पुन्हा भरावी.

साध्या युरिन रुटीनवरूनही पुष्कळ कळतं. पस सेल्स, म्हणजे पुवाच्या पेशी, पाचाहून जास्त असतील तर आत सूज आहे. नायट्राइट आलं तर ई. कोलायसारख्या जंतूंची शक्यता मोठी, पण ते तयार व्हायला लघवी चारेक तास आत राहावी लागते. दर अर्ध्या तासाला जाणाऱ्या बाईत ते नसलं म्हणून संसर्ग नाही असं होत नाही. एपिथेलियल सेल्स ढिगानं असतील तर ती बाहेरच्या कातडीची सालपटं. नमुना नीट घेतलेला नाही.

आता गोळीकडे येऊ. मूत्राशयाच्या साध्या संसर्गाला आज हाताशी असलेलं चांगलं औषध सत्तर वर्षांपूर्वीचं आहे: नायट्रोफ्युरँटॉइन. बराच वेळ काम करणारी १०० मिलिग्रॅमची गोळी किंवा कॅप्सूल सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर, पाच दिवस. उपाशीपोटी घेतली तर मळमळते आणि शोषलीही कमी जाते. लघवी गडद पिवळी-तपकिरी होते, त्यानं घाबरू नये. हे औषध रक्तात आणि पेशींत फारसं थांबत नाही, थेट लघवीत उतरतं. म्हणून आतड्यातल्या जंतूंना त्याची फार झळ बसत नाही आणि इतक्या वर्षांनीही बहुतेक ई. कोलाय त्याला दबतात. याच कारणानं किडनीपर्यंत चढलेल्या संसर्गाला ते निरुपयोगी, कारण किडनीच्या मांसात ते पुरेसं साठत नाही. किडनीचं काम खूप मंदावलेल्यांना, रक्तपेशींतल्या जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्यांना आणि दिवस भरत आलेल्या गरोदर बाईला ते देत नाहीत. दुसरं औषध फॉस्फोमायसिन: ३ ग्रॅमची एकच पुडी, अर्धा पेला पाण्यात विरघळवून, रात्री झोपताना लघवी करून आल्यावर, पोट रिकामं असताना. गरम पाण्यात विरघळवू नये. त्यानंतर औषध रात्रभर मूत्राशयात राहतं.

या गोळीसोबत एक गोष्ट घडते ती खटकते. आग कमी व्हावी म्हणून गुलाबीसर गोड सिरप पाण्यातून दिलं जातं, किंवा घरी खाण्याचा सोडा घोळून प्यायला जातो. दोन्हींनी लघवीची आम्लता उतरते आणि जरा बरंही वाटतं. पण नायट्रोफ्युरँटॉइनचा जोर आम्ल लघवीत असतो. सिरपनं लघवी अल्कली केली की एका हातानं दिलेलं औषध दुसऱ्या हातानं काढून घेतल्यासारखं होतं. शिवाय त्या सिरपात आणि सोड्यात सोडियम असतं, रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या रुग्णाला ते बाधतं. चिठ्ठीवर दोन्ही एकत्र दिसली तर डॉक्टरांना विचारावं: सिरप नक्की लागेल का? पहिले दोन दिवस कळ सोसवत नसेल तर पॅरासिटामॉल आणि ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी यांनीही उतार पडतो.

आणि केमिस्टकडून मागून आणलेल्या सिप्रो-नॉरफ्लॉक्सच्या चार गोळ्या? त्यांचा काळ सरला. आपल्याकडचे ई. कोलाय त्यांना मोठ्या प्रमाणात जुमानत नाहीत. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) जंतुप्रतिकाराच्या अहवालांत हे वर्षानुवर्षं दिसतं. या गटातल्या औषधांनी स्नायुबंध दुखावतात, क्वचित तुटतात. २०१६ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनानं दुसरा पर्याय असताना साध्या मूत्रसंसर्गाला ती वापरू नयेत असं बजावलं. त्याच वर्षी आपल्या आरोग्य मंत्रालयानं गोळ्यांच्या पाकिटावरच्या उभ्या लाल रेघेबद्दल मोहीम काढली होती: ही रेघ असेल तर चिठ्ठीशिवाय घेऊ नका. आज पाकीट उलटून ती रेघ बघणारे थोडे. दोन गोळ्यांनी आग थांबली म्हणून उरलेल्या पुढच्या वेळेसाठी डब्यात ठेवणं तर घरोघरी चालतं. त्या डब्यातल्या गोळ्यांतून पुढचा अर्धवट उपचार सुरू होतो.

कल्चर रिपोर्ट हातात आला की घरचे लोक ‘सेन्सिटिव्ह’च्या, म्हणजे ज्यांनी जंतू मरतो त्या औषधांच्या, यादीतलं सर्वांत महागडं नाव शोधतात. यादी ताकदीच्या क्रमानं नसते. नायट्रोफ्युरँटॉइन सेन्सिटिव्ह असेल आणि दुखणं मूत्राशयापुरतं असेल, तर खाली मेरोपेनेम लिहिलेलं असलं तरी त्याच्याकडे वळून बघू नये. ते सलाइनमधून द्यायचं राखीव औषध आहे. ‘ईएसबीएल’ (नेहमीची बरीच अँटिबायोटिक निकामी करणारा जंतू) अशी अक्षरं दिसली तरी लगेच भरती व्हावं लागतं असं नाही, कारण असे जंतूही अनेकदा नायट्रोफ्युरँटॉइन किंवा फॉस्फोमायसिनला मरतात. जंतूचं नाव प्रोटियस असेल तर मात्र नायट्रोफ्युरँटॉइन चालत नाही, तो त्याला जन्मतःच दाद देत नाही. शिवाय तो लघवी अल्कली करून खडे घडवतो. वारंवार प्रोटियस आणि पीएच ८ च्या घरात, असा रिपोर्ट आला की सोनोग्राफी करावीच.

हुडहुडी भरून ताप, पाठीत बरगडीखाली एका बाजूला ठणका, उलट्या: यातलं काही दिसलं की दुखणं किडनीत चढलं असं धरावं. तिथे धने-जिरे, सिरप, फोनवरचा सल्ला काहीही नको. त्याच दिवशी दवाखाना, रक्त-लघवीचे नमुने, आणि बहुधा इंजेक्शन. मधुमेही माणसानं तर रात्र काढू नये.

इतकं वाचल्यावर वाटेल, जंतू दिसला की मारलाच पाहिजे. तसं नाही, आणि या विषयातली सर्वांत न पटणारी गोष्ट हीच आहे. वय झालेल्या, अंथरुणाला खिळलेल्या बायकांत चौघींमागे एकीच्या तरी लघवीत एरवीही जंतू असतात. त्यांना आग नसते, ताप नसतो. जंतू आणि शरीर शेजाऱ्यांसारखे नांदत असतात. कॅथेटर महिनाभर राहिला की जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडतात. आजी दोन दिवस बरळतायत म्हणून लघवी तपासली, जंतू आले, अँटिबायोटिक सुरू झालं, आणि खरं कारण असलेलं कमी झालेलं सोडियम, आठवडाभराचा मलावरोध किंवा नवी झोपेची गोळी तशीच राहिली, असं होतं. लघवीची लक्षणं किंवा ताप नसेल तर आधी ही कारणं धुंडाळावीत. लघवीला वास येतो किंवा ती गढूळ दिसते एवढ्यावरून गोळी देऊ नये. लक्षणांशिवाय सापडलेल्या जंतूंवर उपचार ठरलेले आहेत ते दोनच ठिकाणी: गरोदरपणात, आणि मूत्रमार्गातून दुर्बीण घालून रक्त येईल अशी शस्त्रक्रिया करण्याआधी. गरोदर बाईचे असे जंतू तसेच सोडले तर चौघी-पाचजणींत एकीच्या किडनीपर्यंत जातात. म्हणून पहिल्या तीन-चार महिन्यांत एकदा कल्चर व्हायलाच हवं, रुटीनवर भागवू नये. आणि बरं वाटल्यावर पुन्हा कल्चर करायचं तेही गरोदर बाईनंच. इतरांनी ‘आता साफ झालं का’ म्हणून परत डबी भरायची गरज नाही.

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झालं तर त्याला वारंवारचा संसर्ग म्हणतात. तिथे नुसत्या गोळ्या बदलून भागत नाही. अपराधीपणही नको. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा, पुरुषाचा त्याच्या पाचपट. आणि जंतू बाहेरून उडून येत नाहीत, ते आपल्याच आतड्यातले असतात. ही अस्वच्छतेची शिक्षा नाही, अंतराचा प्रश्न आहे. संबंधानंतर लघवीला जाणं, पुढून मागे धुणं, यांचे भक्कम पुरावे नसले तरी ते करावं, फुकट आहे. शुक्रजंतुनाशक मलम लावलेले निरोध टाळावेत, त्यांनी धोका नक्की वाढतो. योनी आतून धुण्याचे सुगंधी वॉश तर घरातूनच काढावेत. तिथली नैसर्गिक आम्लता हीच राखण आहे.

पाळी गेल्यानंतर ही राखण ढासळते. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक कमी झालं की योनीतले दुधाच्या विरजणासारखे आम्ल करणारे जंतू निघून जातात आणि आतड्यातले त्यांच्या जागी बसतात. इस्ट्रिऑल या त्याच जातीच्या संप्रेरकाचं मलम दोन आठवडे रोज रात्री आणि मग आठवड्यातून दोनदा योनीत लावलं की जुने रहिवासी परत येतात. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मलम लावणाऱ्या बायकांना वर्षाला सरासरी ०.५ वेळा संसर्ग झाला, न लावणाऱ्यांना ५.९ वेळा. इतका स्वच्छ फरक औषधशास्त्रात क्वचित दिसतो. तरीही साठीच्या बाईला हे मलम क्वचितच सुचवलं जातं, कारण तिला कुणी त्या जागेबद्दल विचारतच नाही आणि ती आपणहून सांगत नाही. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर आधी त्या डॉक्टरांशी बोलून घ्यावं.

क्रॅनबेरीच्या गोळ्यांनी वारंवार संसर्ग होणाऱ्या बायकांना थोडा उपयोग होतो. बाटलीतला गोड रस मात्र नुसती साखर. डी-मॅनोजची पूड खूप खपते. कल्पना चांगली होती: ई. कोलाय ज्या हुकासारख्या आकड्यांनी मूत्राशयाला चिकटतो ते आकडे मॅनोजनं भरून टाकायचे. २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या ५९८ बायकांवरच्या चाचणीत काहीच फरक पडला नाही. त्यापेक्षा मेथेनामाइन बरं. हे आम्ल लघवीत फॉर्माल्डिहाइड सोडून जंतू मारतं आणि त्याला प्रतिकार तयार होत नाही. २०२२ च्या ब्रिटिश चाचणीत ते रोजच्या अँटिबायोटिकच्या तोडीचं ठरलं. इथेही ते गोड सिरप नको.

मधुमेहाच्या डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. ती साखर बाहेरच्या कातडीवर राहिली की बुरशी माजते. अशा माणसाला खाज आणि आग सुरू झाली तर आधी बुरशी बघावी. गोळी आपल्या मनानं बंद करू नये; दर वेळी पाण्यानं धुऊन कोरडं केलं तरी पुष्कळ फरक पडतो. पुरुषाला संसर्ग झाला तर प्रोस्टेट आणि लघवी केल्यानंतर आत किती उरते, हे सोनोग्राफीत मोजून घ्यावं. लहान मुलांत पुष्कळदा मागे मलावरोध असतो, आणि शाळेच्या संडासात जायचं नाही म्हणून दिवसभर धरून ठेवणं.

धरून ठेवण्यापाशीच सगळं येऊन थांबतं. धरल्यानं जंतू येत नाहीत, पण आलेले धुऊन जात नाहीत. बल्गेरियात १४० बायकांवर झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना वारंवार संसर्ग होत होता आणि त्या दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी प्यायच्या. अर्ध्याजणींना रोज आणखी दीड लिटर पाणी दिलं. वर्षाअखेरीस त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. पाण्याइतकं स्वस्त औषध नाही. पण भाजीवाली, वाहतूक पोलीस, घरोघर फिरणारी आशाताई, लोकलनं दोन तास जाणारी बाई पाणी टाळते ते विसरभोळेपणानं नाही. पुढचा संडास किती लांब आहे हे तिला पक्कं ठाऊक असतं म्हणून. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ चळवळीनं हेच मांडलं: पुरुषांना मुतारी फुकट, बाईकडून पैसे, आणि तेही संडास उघडा असला तर.

उघडा मिळाला तर तिथे अधांतरी ओणवं राहून उरकू नये. तसं केल्यानं ओटीपोटाचे स्नायू सैल सुटत नाहीत आणि थोडी लघवी आत राहते. पूर्ण उकिडवं बसावं, किंवा कमोड पाण्यानं धुऊन, पुसून नीट टेकावं. त्या सीटवरून हा संसर्ग लागत नाही. धार थांबल्यावर पाच श्वास थांबून, पुढे वाकून, उरलेली काढावी. प्रवास असेल तर पाणी तोडण्यापेक्षा वेळा हलवाव्यात: निघण्याआधी दोन तास दोन पेले, निघताना लघवी करून घ्यायची, वाटेत घोट-घोट, पोचल्यावर पुन्हा दोन पेले. हृदय किंवा किडनीसाठी ज्यांचं पाणी मोजून दिलेलं आहे त्यांनी हे करू नये. बाकीच्यांनी दुपारच्या लघवीचा रंग बघावा. फिकट पिवळी असली तर पुरे, सरसोंच्या तेलासारखी झाली तर कमी पडतंय. आणि पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात पाच-दहा रुपयांची नाणी असू द्यावीत, खिडकीतला माणूस सुटे नाहीत म्हणाला तरी परत फिरावं लागू नये म्हणून.